उतेकरनाना आणि कॅमेऱ्याची गोळी

उतेकरनानांना "लाइट कधी येणार?" असं विचारायची सोय नव्हती. विचारणाऱ्याकडे ते असं काही बघायचे, की तो बिचारा आपणहून दोन पावलं मागे सरकायचा. मग नाना म्हणायचे, "फॉल्ट गावला की येईल." दहा मिनिटांत, तासाभरात, संध्याकाळपर्यंत ही आश्वासनं आमच्या खात्यात उदंड. नानांच्या तोंडून मी त्यातलं एकही कधी ऐकलं नाही.

मी पोलादपूरच्या सबस्टेशनला ऑपरेटर म्हणून रुजू झाले, तेव्हा कुडपणकडे चढणाऱ्या लाइनचे वायरमन नाना होते. ऑपरेटर म्हणजे आत बसून मीटर बघायचे, वीज चालू-बंद करायची आणि फोनवर लोकांच्या शिव्या खायच्या. मी महाडची. महाडला शहर म्हटलं की पुण्याची माणसं हसतात, हसोत बापडी. पण पोलादपूरच्या वरच्या वाड्यांच्या मानाने मी शहरातलीच. पहिल्याच दिवशी एक बुटका, काटक, पांढऱ्या मिशांचा माणूस दारात येऊन उभा राहिला. चप्पल बाहेर काढली, पण टोपी नाही काढली. "मॅडम, मी खांबावर हाय तवर तुम्ही च्या प्यायला पण उठायचा नाय," एवढं बोलून तो निघून गेला. नाव नाही, गाव नाही, नमस्कार नाही. मला राग आला होता. मी तेव्हा रागावायचे फार.

पण माणूस वर चढतो तेव्हा त्याचा जीव आपल्या हाताखालच्या स्विचवर असतो, हे मला कुठल्याही ट्रेनिंगपेक्षा त्या एका वाक्याने कळलं. नाना वर असले की मी खरोखर जागची हलत नसे.

आमच्या खांबांना नंबर असतात, पट्ट्या ठोकलेल्या असतात. नानांनी त्या कधी वाचल्याचं मला आठवत नाही. त्यांच्या लेखी प्रत्येक खांबाला नाव होतं. एक फणसाखालचा, एक वाकड्या, एक म्हातारा. घाटाच्या तोंडाशी एक होता, तो पावसात अंगाला मुंग्या आणायचा. त्याचं नाव सासू. फोनवरून ते गंभीरपणे सांगायचे, "मॅडम, सासूवर चढतोय, लाइन बंद करा." माझ्यानंतर रुजू झालेल्या ऑपरेटरला हे ऐकून पहिल्यांदा घाम फुटला होता.

त्यांचं म्हणून एक वाक्य होतं: "अंदाजानं हात घालायचा नाय." चहात साखर घालतानाही ते हे म्हणायचे आणि आधी चमच्याने चव बघायचे. त्यांना घाई करणारा माणूस आवडत नसे, आणि त्यातही घाई करणारा साहेब अजिबात नाही.

एकदा असा साहेब आला. नवा, हुशार, वागायला चांगला. वरची लाइन सारखी बंद पडत होती. चालू केली की थोडा वेळ टिकायची, पुन्हा बंद. साहेब म्हणाले, परत चालू करा. केली. पुन्हा पडली. परत करा. आम्ही असं दिवसभर करत बसलो. शेवटी नाना दारात आले.

"साहेब, हे टोक बघितला, चांगला हाय. ते टोक बघितला, चांगला हाय. मग बिघाड मधी हाय. मधली लाइन कुणीतरी चालायला पायजे."

"एवढ्या रानातून? रस्ता तरी आहे का?" साहेब म्हणाले. "परत एकदा चालू करून बघू. कदाचित टिकेल."

"टिकंल," नाना म्हणाले. "आणि परत जाईल. फॉल्ट तिथंच र्‍हाणार."

कंबरेला कोयता लावून ते निघाले. खांबाखालून खांबाखाली, करवंदीच्या जाळीतून, ओढ्यातून. रस्त्यावरून कधीच दिसला नसता अशा उतारावर एक बांबूचं बेट होतं. वारा आला की त्यातला एक बांबू वाकून तारेला टेकायचा, वारा पडला की सुटायचा. नाना त्याच्याखाली वाऱ्याची वाट बघत बसले, बांबू टेकताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि मगच मला फोन केला. मी लाइन बंद केल्यावर त्यांनी तो तोडला. परत आले तेव्हा शर्टाच्या चिंध्या झाल्या होत्या. साहेबांनी त्यांना स्वतः चहा करून दिला, आणि नानांनी चव बघून साखर घातली.

नाना आजारी आहेत हे मला आधी फोनवर कळलं. खांबावरून ते खुर्चीत बसल्यासारखे बोलायचे. आता वाक्याच्या मध्ये श्वास लागू लागला. विचारलं तर म्हणायचे, "वारा हाय वर." वारा पडलेल्या दिवशीही तेच. कुडपणच्या चढावर ते मध्येच थांबून तार बघितल्यासारखं करतात, असं लोक सांगू लागले. चेहरा मेणासारखा पिवळट झाला. मग एक दिवस ते खांब चढले नाहीत. त्याच्या पायाशी टेकून बसले आणि उठेचनात. तिथल्या लोकांनी उचलून खाली आणलं.

महाडला नेलं. हिमोग्लोबिन माणसाला असायला हवं त्याच्या निम्मंही नव्हतं. रक्त चढवलं, लोहाच्या गोळ्या दिल्या, नाना ताजेतवाने होऊन परत आले आणि पुढच्याच महिन्यात पुन्हा पांढरेफटक पडले. शौचाला काळं व्हायचं. ते गोळ्यांमुळे, असं नानांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. अंदाजाने हात न घालणाऱ्या माणसाने स्वतःच्या बाबतीत तेवढा एक अंदाज केला. पण गोळ्या बंद करूनही ते काळंच राहिलं, तेव्हा पोटात कुठेतरी रक्त झिरपतंय हे नक्की झालं.

आठवड्यातून एकदा महाडला पोटाच्या विकारांच्या एक डॉक्टरबाई येत. त्यांनी तोंडातून दुर्बीण घालून जठर पाहिलं. स्वच्छ. खालून दुर्बीण घालून मोठं आतडं पाहिलं. तेही स्वच्छ. नानांचा मुलगा मुंबईत नोकरीला, त्याला सारखी रजा मिळत नसे. आणि काकी, म्हणजे नानांची बायको, दवाखान्याच्या पायरीवरच गर्भगळीत व्हायच्या. म्हणून त्यांच्यासोबत मी जायचे. डॉक्टरबाईंनी कागदावर आतड्याचं चित्र काढलं. वरून दुर्बीण इथपर्यंत पोचते, खालून तिथपर्यंत. मध्ये लहान आतड्याची लांबच लांब वळणं उरतात, तिथे ती जात नाही, असं त्यांनी समजावलं.

नाना त्या चित्राकडे बघत राहिले. मग त्यांनी मधल्या वळणांवर बोट ठेवलं.

"म्हणजे दोन्ही टोकं चांगली. मधली लाइन कुणी चालली नाय अजून."

"बरोबर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यासाठी कॅमेऱ्याची गोळी असते. गिळायची. ती आतून फोटो काढत जाते, कंबरेच्या पट्ट्यावरच्या यंत्रात ते साठतात. मात्र रक्त थांबून थांबून येतं. गोळी तिथून जाताना जागा दिसेलच, याची खात्री मी देणार नाही."

खात्री देणार नाही म्हटल्यावर नाना पहिल्यांदाच त्यांच्याकडे आदराने बघू लागले. "चालंल," ते म्हणाले. "मना परत खांबावर चढायचा हाय. बसून पगार खायचा नाय." निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते, आणि ऑफिसने टेबलावरचं काम देऊ केलं होतं. ते ऐकल्यावर नाना दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते.

आधीची कुठली पोटाची शस्त्रक्रिया नाही, आतड्यात अडथळा नाही, हे सगळं विचारून झालं. शेवटी नानांनी विचारलं, "गोळी परत कुठं जमा करायची?"

डॉक्टरबाईंना कळेना. मला कळलं. आमच्याकडे बदललेला मीटर, काढलेली तार, फुटका इन्सुलेटरसुद्धा स्टोअरला जमा करावा लागतो. मी ते सांगितलं तेव्हा डॉक्टरबाई इतक्या हसल्या, की बाहेरची नर्स डोकावली. "ती शौचावाटे निघून जाते हो, जमा नाही करायची. पडली की नाही तेवढं फक्त बघा." नानांना हे पटलं नाही. एवढी महागाची वस्तू अशी वाया घालवायची म्हणजे खात्याचा काहीतरी घोळ आहे, असं त्यांचं मत शेवटपर्यंत राहिलं.

उपाशीपोटी, औषधाने पोट साफ करून, सकाळी त्यांनी गोळी गिळली. कंबरेला पट्टा, त्यावर यंत्र. दोन तासांनी पाण्यासारखं पातळ काही घ्यायला हरकत नाही, हिंडाफिरा, संध्याकाळी पट्टा परत आणा, असं सांगून त्यांना सोडलं. एक अट मात्र होती. मोठ्या विजेच्या यंत्रांजवळ जायचं नाही. कधी नव्हे ते वायरमनला सबस्टेशन बंद झालं.

त्या दिवशी माझी ड्यूटी होती. खिडकीतून बघते तर रस्त्यापलीकडे, गेटपासून चांगले लांब, आंब्याच्या सावलीत नाना उभे. कंबरेला पट्टा, हात पाठीमागे. जणू आम्ही लाइन नीट चालवतो की नाही ते तपासायला आलेले. मी बाहेर गेले तर शेजारी काकी, हातात किटली.

"डॉक्टर बोलल्या पातळ चालंल, म्हणून आणला," काकी म्हणाल्या. कोकमाचं सरबत होतं. आमच्याकडे उन्हातून आलेल्याला, पोट बिघडलेल्याला, पाहुण्याला, सगळ्यांना ते देतात. त्यात काकींनी ते पांढऱ्या फडक्यातून पुन्हा पुन्हा गाळलं होतं. ग्लास धरला तर पलीकडचा रस्ता दिसत होता, इतकं निवळ. मलाही एक ग्लास मिळाला. नाना दोन प्यायले.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं डॉक्टरबाईंसमोर बसलो. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. सुरुवातीला गुलाबी, स्वच्छ आतडं. आणि मग बराच मोठा भाग नुसता लालसर, जांभळट पाण्याने भरलेला. "हे रक्त आहे की बाहेरून आलेलं काही, मला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "आणि त्याच्याखाली काय आहे ते दिसत नाही. त्या दिवशी काय प्यायलात?"

काकींचा चेहरा उतरला. त्यांनी पदर तोंडाला लावला. आणि त्या काही बोलायच्या आत नाना म्हणाले, "कोकम. मीच मागितला. ही नको बोलत होती."

ते खोटं होतं, हे मी आंब्याखाली डोळ्यांनी पाहिलं होतं. काकींनी नवऱ्याकडे पाहिलं, पण नाना चित्राकडेच बघत होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "लाल रंगाचं काही नको, हे मी सांगायला हवं होतं. कोकम माझ्या डोक्यातच आलं नाही." फुकट गेली ती गोळी. मला त्या क्षणी नानांबद्दल जे वाटलं, ते प्रेम होतं. दुसरा शब्द मला माहीत नाही.

एसटीत काकी आपल्या वाटणीचं रडल्या. "परत नको आता. परत माझ्या हातून कायतरी होल."

तेवढ्यात मुलाचा मुंबईहून फोन आला. नाना कानाला थोडे जड, म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजात. अख्ख्या गाडीने ऐकलं. "बाबा, आता टेन्शन नको. रक्त कमी झालं की चढवायचं, आराम करायचा. ऑफिसमधलं काम घ्या ना. सेफ आहे."

"म्हणजे पडली की चालू करायची, पडली की चालू करायची," नाना म्हणाले.

"काय?"

"काय नाय. फॉल्ट ठेवून मी झोपणार नाय, बाळा. परत गोळी घेणार." फोन ठेवून ते काकींकडे वळले. "आणि तू येणार. राखण तू करायची. तुझ्यासारखी डोळ्यात तेल घालून दुसरा कोण करंल गो?"

दुसऱ्या गोळीच्या खर्चाच्या मंजुरीचं साहेबांनी बघितलं. मधल्या दिवसांत नानांना पुन्हा रक्त चढवावं लागलं. दवाखान्याचा जिना चढताना ते प्रत्येक पायरीवर थांबत, पण आधार घेत नसत. मी हात पुढे केला तर म्हणाले, "मॅडम, हात नको. पाय अजून माझे हायत." मी हात मागे घेतला आणि पुढचा सगळा जिना जीव मुठीत धरून त्यांच्या मागून चढले.

दुसऱ्या खेपेला त्यांनी महाडच्या दवाखान्यातच दिवस काढला. काकी बाकावर त्यांच्या शेजारी बसल्या त्या पहारेकऱ्यासारख्या. सोबत घरून उकळून आणलेल्या पाण्याची कळशी, तिच्यावर फडकं, फडक्यावर काकींचा हात. आता आमच्याकडे माणूस दवाखान्यात आहे म्हटल्यावर बघायला येणाऱ्यांची रीघ लागते, आणि रिकाम्या हाताने कुणी येत नाही. एकाने उसाचा रस आणला. एकीने डाळिंब. कुडपणचा एक पुतण्या शहाळं घेऊन आला.

"काकी, ह्याचा पाणी तर पांढरा असतो. डॉक्टर पण देतात."

"पांढरा असंल नायतर सोन्याचा असंल," काकी म्हणाल्या. "ठेव तिकडं. ह्यांच्या जवळ यायचा नाय."

"नाना, तुम्ही तरी सांगा."

"मी काय सांगू?" नाना म्हणाले. "आज परमिट तिच्याकडं हाय."

शेवटी ते शहाळं पुतण्यानेच प्यायलं, तेही काकींनी त्याला दाराबाहेर पाठवून. संध्याकाळी पट्टा काढायला आलेल्या नर्सनेही हात धुतले आहेत का, हे त्यांनी विचारून घेतलं.

ह्या वेळी चित्रं स्वच्छ होती. डॉक्टरबाईंनी एक चित्र थांबवलं आणि त्यावर पेन ठेवलं. लहान आतड्याच्या वरच्या भागात एक छोटी गाठ, तिच्या टोकाला जखम, आणि जखमेतून रक्ताची बारीक धार. नुसती गाठ नाही, झिरपताना सापडलेली. "ही जागा," त्या म्हणाल्या.

नाना खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेले. टोपी काढली. मी त्यांना टोपीशिवाय तेव्हा पहिल्यांदा पाहिलं; डोक्याला मधोमध टक्कल होतं.

"गावला," म्हणाले.

काकींनी विचारलं, "वाईट हाय का?" डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं: काढून तपासल्याशिवाय बोलणार नाही. पुण्याला शस्त्रक्रिया झाली. गाठीसकट आतड्याचा तेवढा तुकडा काढून टोकं जोडली. तपासणीत गाठ फारशी धोक्याची नाही, पूर्ण निघाली आहे, वरचेवर दाखवत राहा, असं आलं. तो निरोप घेऊन काकींचा फोन आला तेव्हा मी ड्यूटीवर होते. लाइनवर माणूस चढलेला होता, खुर्चीतून उठता येत नव्हतं, म्हणून बसल्या बसल्याच रडले.

त्यानंतर रक्त चढवायची वेळ आली नाही. काळं होणं थांबलं, चेहऱ्यावर तांबूसपणा आला. ऑफिसने पुन्हा टेबल पुढे केलं. नानांनी डॉक्टरबाईंकडून आपण कामाला योग्य असल्याचा दाखला आणून साहेबांच्या टेबलाच्या काचेखाली सरकवला आणि बाहेर येऊन उभे राहिले.

आता नाना निवृत्त होऊन कुडपणला राहतात, नाचणी-वरी करतात, आणि गावातली लाइट गेली की नव्या वायरमनच्या मागे मागे हिंडून त्याला हैराण करतात, असं कानावर येतं. मला मात्र ते दिसतात ते कुडपणच्या पठारावरच्या त्या सकाळी. आजारानंतर पहिल्यांदा ते चढणार होते. मला सुट्टी होती, आणि आदल्या दिवशी काकींचा फोन आला होता. "तुम्ही येवा गो बाय. माझ्याच्यान एकटीच्यान नाय होणार."

आम्ही दोघी शेताच्या बांधावर उभ्या राहिलो. लाइन बंद झाल्याचा फोन नानांना आला, त्यांनी तो नीट ऐकला, चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जावी म्हणून तारांना अर्थिंग लावलं आणि शिडीवर पाय ठेवला. तेव्हा काकी मला हळूच म्हणाल्या, "इतकी वर्सं झाली लग्नाला, ह्यांना खांबावर मी कधी बघितलाच नाय. चढतात कळला की मी घरात शिरायची."

नाना चढत होते. पूर्वीइतके भराभर नाही. अर्ध्यावर थांबले. काकींची नखं माझ्या मनगटात रुतली. नाना थांबले होते ते खांद्यावरची दोरी सारखी करायला. पुन्हा निघाले, वर पोचले, कंबरेचा पट्टा खांबाभोवती अडकवला, ओढून पाहिला आणि पाना काढला. काकी आधी त्यांच्या पायांकडे बघत होत्या. मग त्यांनी हळूहळू मान वर केली.

"बस झाला!" त्या एकदम ओरडल्या. "बघितला मी! उतरा आता!"

वरून आवाज आला, धाप न लागता, खुर्चीतून बोलल्यासारखा. "गप र्‍हा गो! अजून एक बाजू र्‍हायलीय!"

आणि पट्ट्यावर भार टाकून ते सावकाश दुसऱ्या बाजूला वळले. काकी बांधावर खाली बसल्या; पण मान त्यांनी वरच ठेवली.